माळवदाखालच्या तीन खुर्च्या

एरवी नगरपालिका, पंचायत समिती आणि ग्रामपंचायत यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. पण पंच्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात तिघांची एकी झाली आणि सिद्धप्पा गवंडी हबकलाच.

झालं असं. होटगीच्या पुढं दोन कोसांवर बोरगीवाडी. तिथलं शेटे मास्तरांचं मातीच्या सपाट छपराचं, माळवदाचं घर शंभर वर्षांचं. त्या घरात मास्तरांनी पोरींची शाळा काढली, ओसरीवर मराठी आणि माजघरात कानडी, तेव्हा साऱ्या मुलखात पोरीच्या हातात पाटी द्यायला कुणी धजत नव्हतं. आता वरून सरकारची प्रादेशिक योजना आली. तिघांनी मिळून मुलखाचा आराखडा करायचा, त्यात एक ऐतिहासिक घर धरायचं, मग दुरुस्तीला अनुदान. तिघांनी मास्तरांचं घर धरलं. दुरुस्ती झाली की घर मोडकळीला आल्यापासून लिंबाखाली भरणारी पोरींची शाळा पुन्हा तिथं बसायची होती. सिद्धप्पाची नात ईरम्मा त्याच शाळेत तिसरीत होती.

अट एकच. काम जुन्या रीतीनं व्हावं आणि जाणत्या गवंड्यानं तसा दाखला द्यावा. सिद्धप्पा जाणता, ते माळवद त्याच्या आज्यानंच घातलेलं. त्यानं चुन्याच्या घाणीला बैल जुंपला, चुना मळला आणि खड्ड्यात चाळीस दिवस भिजत घातला. चुना लोण्यागत मऊ झाला. तेवढ्या दिवसांत तिघांच्या मिळून अकरा बैठका झाल्या. सिद्धप्पा दरवेळी दाराशी उकिडवा बसायचा. आत काय चालायचं म्हणता? कडक भाकरी, शेंगाची चटणी, आणि कोनशिलेवर नाव आधी कुणाचं यावर खल. घराचा विषय निघाला की मंडळींना जांभया यायच्या.

शेवटी घरच तिघांनी वाटून घेतलं. ओसरी ग्रामपंचायतीला आली. तिनं सागवानी खांबांना निळा ऑइलपेंट फासला. पडवी नगरपालिकेला, तिनं वर पत्रे ठोकले. मधलं माजघर पंचायत समितीचं. तिनं माळवदावरची जुनी माती उपसायचे कष्ट कोण घेणार म्हणून तिच्यावरच सिमेंटचा वीतभर थर ओतला. आणि सिद्धप्पाचा चुना? त्यात पाणी घालून रस्त्याकडेचे धोंडे रंगवले, पाहुण्यांच्या जीपगाड्या येणार म्हणून. ते पांढरे धोंडे सिद्धप्पानं बघितले. रागावून भांडावं असं वाटायचंही संपलं होतं. या माणसांची त्याला नुसती किळस आली होती.

तरी तो पंचायत समितीचे सभापती कुंडलिकराव यांच्या घरी गेला. मधली तुळई वाळवीनं निम्मी खाल्लीय, तिला एवढं ओझं पेलणार नाही, असं त्यानं हात जोडून सांगितलं. कुंडलिकराव पान चघळत म्हणाले, योजना तिघांची आहे, तेव्हा ओझंही तिघांत वाटलं जाईल. उद्या समारंभात दाखल्यावर अंगठा दे, सोमवारी शाळा बसवू. वर हसले.

आता इकडची एक रीत आहे. नवं माळवद झालं की त्यावर चाळीस घागरी पाणी ओततात, आणि ते ओसरेपर्यंत गवंडी त्याच माळवदाखाली बसतो. मगच त्याच्या हातात नारळ देतात. शहरातल्या नवी पेठेतला फोटोवाला आलाय, फोटो झकास निघेल, म्हणून कुंडलिकरावांनी हौसेनं ही रीत कार्यक्रमात घातली. अकरा बैठका खाल्लेल्या त्या शहाण्याला तिचा अर्थ तेवढा कळला नव्हता. तिथून पाणी ओतायला शेजारच्या माळवदावर शेजारीण रंभाबाई आणि चार बाया भरल्या घागरी घेऊन उभ्या राहिल्या.

सिद्धप्पा माजघरात गेला. तीन खुर्च्या ओळीनं मांडल्या आणि बाहेर येऊन उंबऱ्याशी उभा राहिला.

"ज्यानं छप्पर घातलं त्यानं खाली बसायचं, ही आमची रीत हाय. ह्ये मी न्हाय घातलं. तुमी तिघांनी घातलंय. बसा की."

मंडळींत चुळबूळ झाली. सरपंच म्हणाले, आपली फक्त ओसरी. नगराध्यक्ष म्हणाले, पालिकेची हद्द पडवीपाशी संपते. कुंडलिकरावांना एकाएकी फोटोवाल्याला काही सांगायचं होतं. अकरा बैठकांत कुणाला कुणाची हद्द दिसली नव्हती. आता बोटभर जागेचीसुद्धा ज्याला त्याला आठवत होती.

"तुमचं पाय आत पडंनात," सिद्धप्पा म्हणाला, "आन सोमवारी आमच्या पोरी बसवायच्या व्हय?"

त्यानं हात वर केला. रंभाबाईनं पहिली घागर ओतली. दहा झाल्या, पंधरा झाल्या. काहीच होईना, तशी कुंडलिकरावांच्या तोंडावर तरतरी आली. तेविसाव्या घागरीला आतून कर्र असा आवाज आला. तुळई मधोमध मोडली आणि माती, सिमेंट, पाणी सगळं धाडदिशी खुर्च्यांवर आलं. धुरळा ओसरीपर्यंत आला. हार घेऊन ओळीत उभ्या असलेल्या पोरी पांढऱ्याफट्ट झाल्या. ईरम्मा आजोबाच्या धोतराला बिलगली.

मग कुंडलिकरावांनी घसा साफ केला. पोरींकडं त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही. खुर्च्या पंचायत समितीच्या होत्या, त्यांची भरपाई तिघांनी मिळून द्यावी, त्यासाठी गुरुवारी बारावी बैठक, असं त्यांनी कारकुनाला लिहून घ्यायला सांगितलं. कारकुनानं लिहून घेतलं. मग त्यानं पिशवीतून दाखल्याचा कागद काढला, त्यावरची माती झटकली आणि सिद्धप्पापुढं शाईची डबी उघडली. काम जुन्या रीतीनं झालं, असं त्यावर आधीच टाइप केलेलं होतं.

सिद्धप्पानं कागद हातात घेतला, नीट बघितला. त्याच्यावर तो थुंकला, कारकुनाला परत दिला आणि ईरम्माचा हात धरून लिंबाकडं चालू लागला.