ट्रम्पेटची वही

माझी मावशी एकतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासायची. तिला कुठलंही वाद्य वाजवता येत नव्हतं. शहरातल्या सिम्फनी ऑर्केस्ट्राच्या कार्यक्रमपत्रिका तिच्या छापखान्यात छापल्या जात, आणि एकदा मालकानं उरलेला पास तिच्या हातावर ठेवला. तेव्हापासून तिनं एकही कार्यक्रम चुकवला नाही. धाकट्या बहिणीच्या, म्हणजे माझ्या आईच्या, लग्नातूनसुद्धा ती साडेपाचला निघून गेली होती. आईनं ते अजून सोडलेलं नाही.

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच सोमवारी ती ऑर्केस्ट्राच्या कचेरीत जाऊन उभी राहिली. पगार नको, काम द्या, म्हणाली. आधी खुर्च्या मांडायला लावलं, मग रंगमंचामागच्या वह्यांच्या खोलीत घेतलं. प्रत्येक वादकाची नोटेशनची वही वेगळी. व्हायोलिनचा गज कुठे वर ओढायचा, कुठे खाली, ते पहिला व्हायोलिनवाला ठरवायचा, आणि मावशी मऊ पेन्सिलीनं त्या खुणा बाकीच्यांच्या वह्यांत उतरवायची. भाड्यानं आणलेल्या वह्या परत पाठवताना त्यातली एकूण एक खूण खोडायची. वादक तिला रबरमावशी म्हणत. तिला त्याचा कोण अभिमान.

आई विचारायची, "ताई, लष्कराच्या भाकऱ्या किती दिवस भाजणार आहेस?"

"लष्कराला भूक आहे तोवर," मावशी म्हणायची.

तिचा सगळ्यात जास्त जीव ट्रम्पेटवाल्यावर. पस्तिशीचा, हंगामी करारावरचा, बोलायला लाघवी. त्याच्या निवडीच्या वेळी ती मागच्या रांगेत बसली होती आणि पहिल्या सुरालाच तिनं ठरवलं, हा राहणार. त्याचा ओठ फुटला की मलम हीच नेऊन देणार. आमच्या घरी त्याचं कौतुक इतकं झालं, की बाबा त्याला "तुमचे जावई" म्हणायला लागले.

ऑर्केस्ट्राच्या पन्नासाव्या वर्षाचा कार्यक्रम रेडिओवर थेट जाणार होता. वादनाचं संचालन करायला बाहेरगावचे पाहुणे संचालक आले होते. दोन दिवस आधीच्या तालमीत त्यांनी शेवटच्या भागातल्या अकरा ओळी गाळायचं ठरवलं. मावशीनं त्या दुपारी बसून एकेका वहीत त्या ओळींवर काट मारली. सगळ्या झाल्या, एक सोडून. ट्रम्पेटवाल्यानं त्याची वही सरावाला घरी नेली होती. तशी नेता येत नसे, पण मावशीनं नोंदवहीत त्याची सही घेऊन दिली होती.

तिनं तीनदा वही मागितली. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "मावशी, मीच काट मारतो ना. एवढाही विश्वास नाही होय?"

विश्वास होता.

कार्यक्रमाला मी सभागृहात होते. अकरा ओळी ओलांडून सगळे पुढे गेले, व्हायोलिनं अगदी हळू, श्वासासारखी वाजायला लागली, आणि त्यात एकटा ट्रम्पेट खणखणीत फुटला. दोन क्षण वाजला आणि मध्येच तुटला. माझ्या पुढच्या बाई हसल्या. संचालकांची मान लाल झालेली मागूनही दिसत होती.

दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकांनी मावशीला बोलावलं. ट्रम्पेटवाला आधीच तिथे बसला होता. त्यानं सांगितलं होतं, वही खोलीतून आली ती तशीच, काट न मारता आली. मावशीनं नोंदवही उघडून त्याची सही दाखवली. तो खिडकीबाहेर बघत राहिला. व्यवस्थापकांनी त्याला बाहेर जायला सांगितलं.

"मला कळतंय," ते म्हणाले. "पण पुढच्या महिन्यात त्याला कायम करायचं आहे. पाहुण्यांना कळलं की चूक त्याची, तर समिती त्याला ठेवणार नाही. तुमचं काय जातंय? तुम्हाला थोडीच नोकरी आहे?"

 मावशीनं नोंदवही मिटून त्यांच्या टेबलावर ठेवली आणि घरी आली. आईनं तिला यावरून दोन दिवस फैलावर घेतलं. ती एवढंच म्हणाली, "असा वाजवणारा परत मिळायचा नाही."

तिला वाटलं होतं, प्रकरण तिथेच मिटेल. आठवड्यानं पत्र आलं. झाल्या चुकीमुळे यापुढे वह्यांच्या खोलीत स्वयंसेवक नेमले जाणार नाहीत. आपली इच्छा असल्यास प्रेक्षकांचे कोट आणि छत्र्या सांभाळण्याचं काम करता येईल.

ती गेली. त्या खोलीत संगीत भिंतीपलीकडून यायचं, फक्त नगारे आणि टाळ्या. तिसऱ्या कार्यक्रमाला ट्रम्पेटवाला आला, वाजवायला नाही, ऐकायला. तो आता कायम झाला होता. सोबत एक नवा वादक होता. काउंटरवर कोट ठेवताना तो मावशीकडे न बघता त्याला म्हणाला, "वह्या एकदा स्वतः तपासून घेत जा. मागे इथे एक म्हातारी होती, तिनं माझी पार वाट लावली होती."

मावशीनं त्याच्या हातात बिल्ला दिला. मग सरळ व्यवस्थापकांकडे गेली आणि म्हणाली, समितीच्या इतिवृत्तात खरं काय ते लिहा, बाकी मला काही नको. ती नोंदवही कुठे आहे?

"जुनं कपाट काढलं तेव्हा गेली असेल," व्यवस्थापक म्हणाले. "आता जुनी मढी कशाला उकरायची, मावशी? तुम्ही तर आपल्याच."

ती परत तिथे गेली नाही. पहिले काही महिने मला वाटायचं, कुणीतरी घरी येईल. एवढी माणसं होती, पहिला व्हायोलिनवाला होता, तिच्या हातच्या खुणा बघून अकरा वर्षं वाजवणारे होते. फोनसुद्धा आला नाही.

पुढच्या हंगामात मी एकटीच एका कार्यक्रमाला गेले. ट्रम्पेटचा मोठा तुकडा होता. परत आल्यावर मावशीनं विचारलं, कसा वाजवला त्यानं?

"काही खास नाही," मी म्हणाले. "दोनदा घसरला."

"खोटं बोलू नकोस," ती म्हणाली. "तो घसरत नाही." ती धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. एक टॉवेल घडी करून तिनं पुन्हा उलगडला. "आणि गर्दी?"

"सभागृह भरलं होतं."

तिला ते आवडलं नाही. मला ते दिसलं.