समुद्र न पाहिलेली ट्यूब

हो, मीच बोलतेय. कुसुमलताबाई रोज सकाळी सामायिकाला, म्हणजे जैनांच्या नित्याच्या ध्यानाला, बसतात तेव्हा त्यांच्या खाली जी नारिंगी, गोल, पांढऱ्या माशांची ट्यूब दिसते ना, ती मी. हसू आलं तर हसून घ्या. घरी येणारे पाहुणेही आधी हसतातच.

खरं तर मी लहान मुलांची पोहायची ट्यूब. कुठल्या कारखान्यात जन्मले ते आठवत नाही. आठवतं ते जळगावच्या फुले मार्केटमधलं दुकान. तिथं मी घडी होऊन पिशवीत पडून होते. पिशवीवर निळ्या समुद्राचं चित्र होतं. रोज तेच बघून मी मनाशी धरलं होतं की आपला जन्म त्याच्यासाठी आहे. दुकानदार मात्र म्हणायचा, जळगावात समुद्राची ट्यूब कोण घेणार?

मला घेतलं मोहिनीनं. मोहिनी म्हणजे कापडवाल्या निर्मलकुमारजींची आणि कुसुमलताबाईंची सून. लग्नाला दहा वर्षं झालेली. या दहा वर्षांत ती घराबाहेर पडली ती तीर्थयात्रेला, नाहीतर राजस्थानात कुणाच्या लग्नाला. या खेपेला पहिल्यांदाच सासरे म्हणाले होते, "बेटा, नाताळच्या सुट्टीत लेकरांना कुठं न्यायचं ते तू ठरव." तिनं अंदमान ठरवलं. सासू-सासरे, नवरा ललित, आठ वर्षांचा अर्हम, चार वर्षांची विधी आणि ती स्वतः.

घरी आल्या आल्या तिनं मला तोंडानं फुगवलं. कुठं गळते का ते पाहायचं होतं. ती मध्येच थांबून दम खायची, हसायची, पुन्हा फुंकायची. मी गळत नव्हते. विधीनं मला कमरेत घातलं ते दोन दिवस काढलंच नाही, माझ्यासकट ताटावर बसली. भांडी घासायला येणारी बेबाबाई हात पुसत बघायला आली.

"हाई काय शे ताई?"

"समुद्रात पोहायची ट्यूब."

"आन् समुद्र कसा ऱ्हास?" कसा असतो, असं तिला विचारायचं होतं.

"मी तरी कुठं पाहिलाय, बेबाबाई. जाऊन आले की सांगते."

मग सुरू झाली तयारी. मोहिनीची एक वही होती. लेकरांना घेऊन बेटावर जायचं म्हणजे काय चेष्टा आहे? कुठल्या बोटीत विधीला उलटी होणार नाही, उकळलेलं पाणी कुठं मिळेल, कांदा-बटाट्याशिवाय कोण जेवू घालेल, किती खाखरे, किती ठेपले, सगळं त्या वहीत. आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे संध्याकाळचं जेवण. या घरात सूर्य मावळल्यावर कोणी खात नाही. मोठ्यांचा तो कायमचाच नेम, आणि त्या वर्षीच्या चातुर्मासात अर्हमनंही साधू महाराजसाहेबांसमोर हात जोडून वर्षभराचा नियम घेतला होता. पोरगं तो डोळ्यांत तेल घालून पाळायचं.

स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी जैन संघानं छापलेलं सूर्यास्ताचं कोष्टक टांगलेलं असतं. मोहिनीनं त्यात बघून वही लिहिली. सूर्यास्त पावणेसहाच्या पुढं. म्हणजे बोट पाचला धक्क्याला लागेल, सव्वापाचला पान वाढायचं, साडेपाचपर्यंत सगळे जेवून मोकळे. पाचही दिवस असेच बेतलेले. मला तोवर कपाटात ठेवलं होतं; मी दाराच्या फटीतून बघत होते आणि मला त्यात काहीच खोट दिसली नाही.

निघायला नऊ दिवस होते. निर्मलकुमारजींनी तिकडच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याला फोन लावला. धर्मध्यानाला जैन स्थानक आहे का, दर्शनाला कुठं जाता येईल, अशी चौकशी चालली होती. जाता जाता त्यांनी विचारलं, "सूर्यास्त किती वाजता होतो तुमच्याकडं?" पलीकडचं उत्तर त्यांनी पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग फोन ठेवून म्हणाले, "तिथं पाचला सूर्य मावळतो. सव्वापाचला अंधार पडायला लागतो."

ते कोष्टक जळगावचं होतं. अंदमान किती पूर्वेला, तिथला सूर्य पाऊण तास आधी बुडतो, हे मोहिनीच्या मनातही आलं नव्हतं. तिला दोष तरी कसा देऊ? सगळा जन्म त्या कोष्टकावर जेवलेली ती.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिनं सगळी वही नव्यानं लिहिली. दुपारची बोट बदलली, जेवण चारला आणलं, एका दिवशी बोटीतच ठेपले. सगळं बसत होतं, मी शपथेवर सांगते. तिनं वही सासऱ्यांसमोर ठेवली. त्यांनी चष्मा लावून शेवटच्या पानापर्यंत वाचली. माणूस वाईट नाही, म्हणूनच जास्त राग येतो.

"ही चूक निघाली, बेटा. पण अजून काय काय राहिलं असेल? तिथं जाऊन कळलं तर लेकरं उपाशी झोपतील. राहू दे आता. पुढं पाहू."

मोहिनीनं ललितकडं पाहिलं. तो एक शब्द बोलला असता तरी पुरे होतं. त्यानं मोबाईल काढला आणि तिकिटं रद्द करायला घेतली.

मुलांना सांगितलं, तिकडं वादळ आलंय. विधी रोज सकाळी उठून विचारायची, "मम्मी, वादळ संपलं?" अर्हमनं मात्र सगळं ऐकलं होतं. एका दुपारी तो कपाटापाशी आईला बिलगून म्हणाला, "मम्मी, मी नियम सोडू का? मग जाता येईल?" मोहिनीनं त्याला घट्ट धरलं. "तुझ्यामुळं काही झालं नाही रे राजा," एवढंच म्हणाली. त्याला ते पटलं नाही, त्याच्या तोंडावरून दिसत होतं.

उन्हाळ्यात कुसुमलताबाई न्हाणीघरात घसरून पडल्या. माकडहाड दुखावलं. डॉक्टर म्हणाले, मधे भोक असलेल्या गोल उशीवर बसा. आणि ललितला मी आठवले. वादळाच्या वेळी गप्प बसलेल्या माणसाला नेमकी मी आठवले.

तेव्हापासून हीच माझी जागा. रात्रीत हवा थोडी उतरते, सकाळी मोहिनी फुंकून भरते. पहिल्या दिवशी ती फुंकताना हसायची. आता डोळे कुठं तरी भलतीकडंच असतात. मागच्या आठवड्यात ललितनं विचारलं, "यंदा सुट्टीत कुठं जायचं?" ती म्हणाली, "मला नाही जमत ते. तुम्हीच बघा." विधीनं वादळाचं विचारणं कधीच सोडलंय. मीही आता तिच्या कमरेत चढणार नाही, पोर वाढली. अर्हमचा नियम पुरा होईल, घरात त्याचं कौतुकही होईल, पण समुद्र आपल्यामुळं गेला हे त्याच्या मनातून कोण काढणार?

माझ्यासाठी मी काही मागत नाही. मला बसायच्या कामाला लावलंत, बसा. पण कुणाला 'तू ठरव' म्हणालात, तर तिच्या वहीतली एक चूक तरी पोटात घाला.

परवा बेबाबाईनं फरशी पुसता पुसता विचारलं, "ताई, समुद्र कसा ऱ्हास, सांगनार व्हती ना तुम्ही?"

मोहिनीनं माझं बूच अंगठ्यानं दाबून बसवलं.

"खारा असतो म्हणे," ती म्हणाली, आणि मला सासूबाईंच्या आसनावर नेऊन ठेवलं.