सांगायचं कुणाला?

शाळाशाळांत जाऊन मुलांना सुरक्षेचे आणि कायद्याचे धडे द्यायचं काम हवालदारबाईंच्या गळ्यात पडलं ते साहेबांच्या एका वाक्यामुळे. "लेकुरवाळ्या आहात, पोरांशी गोड बोलाल," असं म्हणून साहेबांनी वरून आलेलं चित्रांचं भेंडोळं त्यांच्या हातात कोंबलं आणि स्वतः मोकळे झाले. चित्रांखालची भाषा अशी, की मोठ्या माणसाचीही बोबडी वळावी. 'पादचाऱ्यांनी मार्गक्रमण करतेवेळी उभय दिशांचे अवलोकन करावे.' बाईंनी सुट्टीच्या दिवशी बसून ते सगळं माणसात आणलं. रस्ता ओलांडायच्या आधी दोन्हीकडे बघायचं. एवढंच तर म्हणायचं होतं!

आणि खरं सांगायचं तर ते काम त्यांना आवडायला लागलं होतं. पोलीस ठाण्यात कुणी त्यांचं धड ऐकून घेत नसे. इथे दोनशे पोरं डोळे मोठे करून ऐकत.

त्या दिवशी शाळेच्या सभागृहात माईक शिट्ट्या मारत होता. बाईंनी तो बाजूला ठेवला आणि आवाज चढवून बोलल्या. अनोळखी माणसाबरोबर जायचं नाही, घरचा पत्ता पाठ हवा, कुणी नको तिथे हात लावला तर ओरडायचं. शेवटी त्या म्हणाल्या, "आणि काही चुकीचं दिसलं ना, तर गप्प बसायचं नाही. सांगायचं. आईबाबांना सांगायचं, वर्गातल्या बाईंना सांगायचं. कुणीच ऐकलं नाही तर मला सांगायचं. मी ऐकेन." हे शेवटचं वाक्य भेंडोळ्यात नव्हतं. ते त्यांनी पदरचं घातलेलं.

तिसऱ्या रांगेतून एक हात वर झाला. शेजारची पोरं फिदीफिदी हसायला लागली. त्या मुलीला वर्गात सगळे 'खिडकी' म्हणत. पूर्ण नाव 'चौकशी खिडकी', कारण तिचे प्रश्न कधी संपत नसत.

"पोलीसताई, व्हॅनमध्ये किती मुलं बसवायची असतात?"

"जितक्या जागा तितकी मुलं."

"आणि मांडीवर?"

"मांडीवर कुणीच नाही."

"आणि सीटखाली गॅसची टाकी असते, तिच्यावर फळी टाकून?"

सभागृहातलं हसू थांबलं. बाई म्हणाल्या, "अजिबात नाही. तो गुन्हा आहे."

"मग मी सांगतेय," खिडकी म्हणाली. "आईला सांगितलं, बाईंना पण सांगितलं. आता तुम्हाला सांगतेय. आमच्या व्हॅनमध्ये तसंच आहे."

मुख्याध्यापिका इतक्या तडक उठल्या की त्यांची खुर्ची मागे कलंडली. "पाहुण्यांसाठी जोरदार टाळ्या!" त्या म्हणाल्या, आणि टाळ्यांच्या गदारोळात कार्यक्रम आटोपला.

नंतर ऑफिसात चहा आला. मुख्याध्यापिका पदराने वारा घेत म्हणाल्या, "अहो, मुलं तिखटमीठ लावून बोलतात. आणि व्हॅनचा शाळेशी काही संबंध नाही. तो पालकांचा आणि व्हॅनवाल्याचा आपसातला मामला."

"गेटपासून कितीशी लांब उभी असते व्हॅन?"

"गेटच्या बाहेर," मुख्याध्यापिका ठासून म्हणाल्या. त्यांच्या लेखी विषय संपला होता.

बाई शाळा सुटेपर्यंत गेटसमोर थांबल्या. व्हॅन आली. मागच्या दाराची कडी तुटलेली, दार नायलॉनच्या दोरीने बांधलेलं. पोरं आत शिरायला लागली आणि शिरतच राहिली. बाईंनी मोजायला सुरुवात केली, पण दप्तरं कुठली आणि डोकी कुठली याचाच पत्ता लागेना. शेवटी खिडकी चढली आणि फळीवर बसली. खाली टाकी. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्यांनी गाडीसमोर जाऊन हात आडवा केला.

मुलं ज्याला व्हॅनकाका म्हणत तो किडकिडीत माणूस खाली उतरला. पळाला नाही, उर्मटपणाही केला नाही. उलट कंटाळल्यासारखा म्हणाला, "मॅडम, मी दोन फेऱ्या करायला तयार आहे. पण पहिली फेरी लवकर आणून सोडली तर शाळा गेट उघडत नाही, आणि दोन फेऱ्यांच्या गॅसचे पैसे म्हटलं की पालक तोंड फिरवतात. मग कोंबतो. मला काय हौस आहे?"

"हौस नसली तरी पोरं टाकीवर बसतायत."

बाईंनी वाहतूक शाखेला फोन लावला. त्यांची माणसं येऊन व्हॅन जप्त करून घेऊन गेली. पोरं फुटपाथवर रांगेत बसली आणि घराघरांत फोन खणाणले. शेवटचं मूल घरी जाईपर्यंत बाई तिथून हलल्या नाहीत. ते मूल होतं खिडकी. तिची आई शिवणाच्या कारखान्यातून धावत आली. ओढणीला दोऱ्यांचे तुकडे चिकटलेले. तिने बाईंकडे एकदा पाहिलं, लेकीचा दंड धरला आणि चालू पडली.

दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या दारात पालकांचा घोळका उभा. एक गृहस्थ सगळ्यांच्या वरताण ओरडत होते. "पोरं आता काय उडत जाणार शाळेत? चोर सोडून संन्याशाच्या मागे लागलेत हे!" ते आले होते स्कूटरवरून. पुढे एक पोर, मागे दोन, आणि चौघांपैकी एकाच्याही डोक्यावर हेल्मेट नाही. बाई खिशातून पावतीपुस्तक काढायला लागल्या, तेवढ्यात आतून साहेबांची हाक आली.

"तुम्हाला बोलायला पाठवलं होतं की कारवाई करायला?"

"साहेब, मुलीने तक्रार केली."

"मुलीने! अहो, मुलं उद्या म्हणतील गृहपाठ देणाऱ्या बाईंना अटक करा. कराल?"

"साहेब, टाकीवर बसवली होती पोरं."

"ठाऊक आहे मला. सगळ्या गावाला ठाऊक आहे. म्हणून काय रोज आमच्या दारात मोर्चा बोलवायचा? शाळेचा कार्यक्रम आजपासून दुसरं कुणी बघेल. तुम्ही टपाल बघा."

बाईंनी सलाम ठोकला. बाहेर येऊन बघतात तर स्कूटर गेलेली.

घरी नवरा कपड्यांना इस्त्री करत होता. बाईंनी सगळं घडाघडा ओकून टाकलं. साहेब, मुख्याध्यापिका, तो स्कूटरवाला, कुणालाही सोडलं नाही. नवऱ्याने ऐकलं आणि सहज म्हणावं तसं म्हणाला, "आपल्या पोरीच्या व्हॅनमध्ये किती असतात गं?"

बाईंची ड्युटी पोरगी उठायच्या आत सुरू व्हायची. व्हॅन त्यांनी कधी धड पाहिलीच नव्हती.

"मी बघतो ना रोज," तो शर्टाची कॉलर उलटत म्हणाला. "आपली दाराशी बसते. मी सांगितलंय तिला, हँडल घट्ट धर म्हणून."

"आणि मला नाही सांगितलंत?"

"सांगून काय करणार होतो आपण? मी सोडू की तू सोडणार?"

भांडायला बाईंची जीभ नुसती वळवळत होती, पण भांडायचं कुणाशी? दुसऱ्या दिवशी उशिरा येते म्हणून सांगून त्या घरी थांबल्या. व्हॅन आली. दाराशी खरंच जेमतेम जागा होती. "आई, आज तू!" म्हणत पोरगी खुशीत चढली, हँडल घट्ट धरलं आणि निघून गेली. बाईंनी हात आडवा केला नाही. परवाच्या मुलांसाठी केला आणि आपल्या पोरीसाठी केला नाही, हे दिवसभर त्यांना आतून कुरतडत राहिलं.

चार-पाच दिवसांनी टपालाच्या टेबलापाशी खिडकीची आई येऊन उभी राहिली. बसा म्हटलं तरी बसली नाही.

"पोरगी शाळेत जात नाही," ती म्हणाली. "सगळे तिला चुगलखोर म्हणतात. डबा खायला कुणी शेजारी बसत नाही. काल घरी आली आणि मला म्हणाली, आई, मी पोलीसताईंचंच तर ऐकलं. आता मी काय सांगू तिला? तुम्ही शिकवलंत सांगायला. आता तुम्हीच येऊन सांगा."

"कुणाला सांगू?"

"तेही मीच शोधू का?" ती कडाडली. मग आवाज खाली आला. "शनिवारी पालकांची सभा आहे."

शनिवारी ड्युटी सुटल्यावर बाई साहेबांना न विचारता शाळेत गेल्या. गणवेश अंगावर होताच. वर्गातल्या लहान बाकांवर मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. मागे भिंतीशी, दंड भरून व्हॅन सोडवून आणलेला व्हॅनकाका. बाई आत आल्या तशी कुजबुज सुरू झाली. स्कूटरवाले गृहस्थ म्हणाले, "आल्या बघा, आता आपल्यालाच आत टाकतील."

"टाकायला हवं होतं," बाई म्हणाल्या. "पण मग मलाही टाकावं लागेल. माझी मुलगी अशाच व्हॅनच्या दाराशी बसते. मला माहीतच नव्हतं. आणि कळल्यावरही मी तिला तशीच जाऊ दिली, कारण मला ड्युटीवर जायचं होतं. तुम्हालाही जायचं असतं. मला कळतं. पण तुमच्यातल्या एका पोरीने तोंड उघडलं, आणि आपण सगळे मिळून तिच्यावर उखडलोय. ती खोटं बोलली का? एकाने सांगा, ती खोटं बोलली."

कुणीतरी खोकलं.

"दोन फेऱ्या करतो," मागून व्हॅनकाका म्हणाला. "नवी कडी लावतो, फळी काढतो. पण पहिल्या फेरीची पोरं बसणार कुठे?"

सगळं घोडं इथेच अडलं. मुख्याध्यापिकांनी हात वर केले. "शाळा भरायच्या आधी मुलांची जबाबदारी आम्ही घेऊ शकत नाही. कुणी पडलं, धडपडलं तर? नियमात बसत नाही."

"नियमात!" बाईंना हसू आलं आणि रडूही. "टाकीवर बसलेलं चालतं, शाळेच्या पायरीवर बसलेलं चालत नाही?"

मग जो गोंधळ माजला तो माजलाच. जास्तीचे पैसे कुणी द्यायचे, लवकर कुणी उठवायचं, आमचं पोर दुसऱ्याच फेरीत हवं. कुणी कुणाचं ऐकेना. शेवटी खिडकीची आई उठली. "मी थांबते पोरांपाशी. रोज नाही जमणार, कारखान्यात खाडा पडतो. दोन दिवस मी थांबते. बाकीचे दिवस कोण?"

सगळ्यांनी मान खाली घातली, जणू परीक्षेत उत्तर येत नव्हतं.

"गुरुवारी माझी साप्ताहिक सुट्टी असते," बाई म्हणाल्या. "मी येईन."

हे ऐकून एका आजोबांना लाज वाटली असावी. त्यांनी एक दिवस घेतला. उरलेल्या दिवसासाठी मुख्याध्यापिकांनी कपाळाला आठ्या घालून शिपायाला गेट उघडायला सांगितलं. शिपायाने त्याहून जास्त आठ्या घातल्या.

तर अशी ती गाडी रुळावर आली, म्हणजे खडखडत का होईना, चालू लागली. खिडकी शाळेत परतली. एक मैत्रीण तिच्याशी बोलायला लागली, बाकीच्या अजून लागल्या नव्हत्या. वर्गात ती आता हात वर करत नाही, हे तिच्या बाईंनी कौतुकाने सांगितलं. "किती शहाणी झालीय बघा!" ते ऐकून हवालदारबाईंना भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं.

ठाण्यात वेगळंच रामायण. वरिष्ठांकडे पाठवायच्या अहवालात साहेबांनी 'पोलिसांच्या पुढाकाराने दोन फेऱ्यांची योजना' असं झोकात घातलं. सोबत फोटो. फोटोत साहेब शाळेच्या पायरीवर पोरांना खाऊ वाटतायत. नव्या हवालदाराला शाळांत पाठवलं, तेव्हा त्याला ताकीद होती: भेंडोळं वाचायचं, प्रश्न घ्यायचे नाहीत. बाईंनी आपल्या पोरीच्या शाळेतही दोन चकरा मारल्या. तिथले मुख्याध्यापक फार गोड बोलले. बघू म्हणाले. पोरीला आता नवरा सायकलवरून सोडतो आणि स्वतः कामावर उशिरा पोचून बोलणी खातो.

एका गुरुवारी बाई पायरीवर बसल्या होत्या. पहिल्या फेरीची पोरं आवारात हुंदडत होती. खिडकी शेजारी येऊन बसली, पण काही विचारलं नाही. बाईच म्हणाल्या, "काय गं, आज प्रश्न नाही?"

"विचारला की लोक चिडतात."

"मी नाही चिडत."

खिडकीने विचार केला. "मग साहेब तुमच्यावर का चिडले?"

बाईंकडे उत्तर होतं, पण ते नऊ वर्षांच्या पोरीला देण्यासारखं नव्हतं. "कारण मी पण तुझ्यासारखीच आहे," त्या म्हणाल्या. खिडकी पहिल्यांदा हसली.

तेवढ्यात दुसरी फेरी आली. पोरं उतरायला लागली. कडी नवी, फळी नाही, सगळं जागच्या जागी. आणि मग एका पोराच्या मांडीवरून आणखी एक पोर उतरलं. स्कूटरवाल्यांचं धाकटं.

व्हॅनकाका घाईने म्हणाला, "मॅडम, त्यांची स्कूटर पंक्चर झाली. पोर रस्त्यात उभं होतं. सोडून येऊ का?"

बाईंच्या बाजूला खिडकी उभी होती आणि त्यांच्याकडे बघत होती. चूक दिसली की गप्प बसायचं नाही, हे तिला त्यांनीच तर शिकवलं होतं.

"आजची पावती फाडते," बाई म्हणाल्या. "तुमच्या नावाने नाही. त्याच्या बापाच्या नावाने. पंक्चर काढून झालं की ठाण्यात या म्हणावं."

"अशी पावती असते का मॅडम?"

"नसते," बाई वैतागून म्हणाल्या. "पण या म्हणावं!"