डेन्व्हरला आपण भेटलोच नाही

ट्वायला उनरूच्या नाकाला गांजाचा वास लागला की हल्ली ती रस्ता बदलायची. त्याच वासापायी तिचा मुलगा लेव्ही आत जाऊन आला होता. कॅन्ससात त्याच्या गाडीत जेवढा माल सापडला, तेवढा कोलोरॅडोत दुकानदार हसतमुखाने पिशवीत घालून देतो. दोन्हींच्या मधे काय, तर गव्हाची सपाट शेतं आणि रस्त्यावरची राज्याच्या हद्दीची एक पाटी. पण कायद्याला पाटीच दिसते, माणूस दिसत नाही. लेव्ही आता प्रोबेशनवर, म्हणजे देखरेखीखाली सुटून, कॅन्ससातल्या घरी होता. एक पाऊल जरी वाकडं पडलं तरी उरलेली पाच वर्षं तुरुंगात काढायची, असं न्यायाधीशांनी त्याला भर कोर्टात बजावलं होतं. बरं, अट त्याच्या एकट्यावर नव्हती. तो राहील त्या घरातल्या कुणीही त्या वस्तूला शिवायचं नाही, असंही त्यात होतं, आणि त्याखाली ट्वायलाने स्वतः सही केली होती.

तरीही ती हद्द ओलांडून कोलोरॅडोत, डेन्व्हरला आली. निमित्त नणंदेच्या, जोलीनच्या साठीचं. जोलीनला घरात गप्प बसवत नव्हतं आणि बाहेर एकटीला जायचं नव्हतं.

"हाताची बोटं बघ तुझी, आल्याच्या गाठींसारखी झालीत," जोलीन म्हणाली होती. "शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांसाठी जन्मभर कणीक मळलीस, आता स्वतःसाठी गांजाची अर्धी गोळी खा. कोण बघायला येतंय तिथे?"

बोटं दुखत होती हे खरं. पण ट्वायलाच्या मनात दुसरंच होतं. ज्या वस्तूने आपलं पोरगं नेलं ती आहे तरी काय, हे तिला एकदा बघायचं होतं. असल्या हट्टाला शहाणपण म्हणत नाहीत, पण आईच्या डोक्यात एकदा काही शिरलं की शिरलं.

जोलीनने तिला नेलं ते गांजाचं लाउंज म्हणजे पूर्वीचं गॅरेज होतं. जमिनीवर तेलाचे डाग तसेच, वर जाड गालिचे आणि खोल सोफे. दारात ओळखपत्र पाहिलं, आत कपाळापर्यंत गोंदलेल्या एका मुलीने दोघींना ताटलीत जेलीच्या गोळ्या आणून दिल्या.

"पहिल्यांदाच ना? मग अर्धीच खायची, आणि तासभर थांबायचं," ती मुलगी म्हणाली. "काहीच होत नाही म्हणून लोक दुसरी खातात, आणि तिथेच फसतात."

जोलीनने अख्खी खाल्ली आणि थोड्या वेळाने सोफ्यात डोकं टेकून छताकडे बघत हसत बसली. ट्वायलाने अर्धी खाल्ली. संत्र्याची चव होती. एवढ्याशा संत्र्याच्या गोळीसाठी पाच वर्षं! तिला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला.

तेवढ्यात कोपऱ्यातून कुणीतरी हसलं. चेहरा दिसायच्या आधी तिने हसू ओळखलं. दर गुरुवारी ते तिच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचं. गॅरेट प्रुइट, लेव्हीचा प्रोबेशन अधिकारी. दर आठवड्याला येऊन तो फ्रिज उघडायचा, गाद्या उचलायचा, लेव्हीच्या लघवीची तपासणी करायचा आणि जाताना तिचा दालचिनीचा रोल खायचा. तोच प्रुइट इथे काचेची चिलीम हातात धरून एका बाईला काहीतरी गंमत सांगत होता.

सापडलास! ट्वायलाला आनंदाच्या नुसत्या उकळ्या फुटल्या. आता माझ्या पोराला हात लावून दाखव. तिने घाईघाईने पर्समधून फोन काढला आणि दोन्ही हातांनी वर धरला.

"मॅम! फोटो चालत नाहीत इथे!" ती मुलगी काउंटरवरून ओरडली.

सगळ्या माना वळल्या. प्रुइटचीही.

त्याने चिलीम सावकाश खाली ठेवली, उठून आला आणि टोपी काढून तिच्यासमोर बसला. त्याचे डोळे लाल होते.

"मिसेस उनरू. काय योग!"

"मिस्टर प्रुइट."

"लेव्ही घरी एकटाच?"

"टायरच्या दुकानात. कामावर आहे."

"गुणी मुलगा. माझ्याकडच्या सगळ्यांत गुणी, मी सगळ्यांना सांगतो." त्याने ताटलीकडे पाहिलं. "अर्धी उरली वाटतं?"

"तुमच्याही हातात काहीतरी होतं."

"होतं की. पण मला कोण तपासतंय?"

"मी न्यायाधीशांना सांगेन."

"जरूर सांगा," तो म्हणाला. "कुठे बघितलंत म्हणून सांगाल?"

सांगायचं तर आपणही इथे होतो हे कबूल करावं लागणार होतं. तिने प्रुइटकडे नीट पाहिलं, तेव्हा तिला दिसलं की त्याच्या वरच्या ओठावर घाम आला होता आणि तो मांडीवरची टोपी गोल गोल फिरवत होता. माणूस घाबरला होता. खरी भीती तिला तेव्हा वाटली. निर्धास्त माणूस तिला विसरून गेला असता. हा विसरणार नव्हता. तुरुंगात जाऊन आलेल्या पोराच्या आईवर कोण विश्वास ठेवतं, हे त्याला तिच्याइतकंच ठाऊक होतं. आणि पोराला तुरुंगात धाडणं त्याच्याच हातात होतं.

"माझ्या पेन्शनला थोडीच वर्षं राहिलीत, मिसेस उनरू. डेन्व्हरला आपण भेटलोच नाही. बरोबर?"

"बरोबर."

त्याने तिचा हात हातात घेतला आणि हवा त्यापेक्षा जास्त वेळ दाबून धरला. बोटांतून कळ थेट खांद्यापर्यंत गेली.

मोटेलवर पलंगावर पडून ती भिंतीकडे बघत राहिली. दर थोड्या वेळाने उठून दाराची कडी तपासायची.

"अगं, चढलीय तुला," जोलीन म्हणाली. "पाणी पी आणि झोप. सकाळी सगळं उतरेल."

सकाळी गोळी उतरली. प्रुइट उतरला नाही.

घरी आल्यावर तिने लेव्हीला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बरं झालं असतं, हे आता म्हणायला सोपं आहे. पण लेव्ही बापासारखा तापट होता. प्रुइट समोर आला की याच्या तोंडून काहीतरी निघणार आणि सगळं संपणार, हे तिला दिसत होतं.

गुरुवारी प्रुइट आला. एरवी दार वाजवायचा. आज मागच्या दाराने सरळ आत आला आणि टोपी न काढता टेबलाशी बसला, तिच्या गेलेल्या नवऱ्याच्या खुर्चीत. फ्रिज उघडला नाही, गाद्या उचलल्या नाहीत. ट्वायलाला वाटलं, उघड बाबा, शोध, काहीतरी कर.

लेव्हीने लघवीचा कप आणून ठेवला. वर्षभरात तो तपासणीत एकदाही चुकला नव्हता आणि त्याचा त्याला अभिमान होता. कपाच्या कडेला पट्टी असायची, नशा केली असेल तर तिच्यावर दिसायचं. प्रुइटने कपाभोवती पंजा धरला, पट्टी झाकली आणि पेन उघडलं.

"मिसेस उनरू," तो म्हणाला, "काय लिहू?"

लेव्ही हसला. "पट्टी बघा की, साहेब. आईला काय विचारताय?"

प्रुइट हसला नाही. तो तिच्याकडेच बघत होता. तो काय विचारतोय ते तिला कळलं. कुणाला बोललीस का, एवढंच त्याला हवं होतं.

"निगेटिव्ह लिहा," ती म्हणाली. तिचा आवाज फाटला. "प्लीज, मिस्टर प्रुइट. मी कुणाला काही बोलले नाही, बोलणारही नाही. त्याला परत पाठवू नका. निगेटिव्ह लिहा."

प्रुइटने मान डोलावली, लिहिलं, आणि रोल घेऊन निघून गेला. टेबलावर कप राहिला. पट्टी नेहमीसारखीच स्वच्छ होती.

लेव्हीने कपाकडे पाहिलं, मग आईकडे. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

"कुणाला काय बोलली नाहीस? मी घेतो असं वाटलं तुला?"

"नाही रे, बाळा."

"मग भीक कशाची मागत होतीस? त्याच्यापुढे?"

सांगावं तर हा आत्ताच्या आत्ता धावत जाऊन त्या माणसाची गचांडी धरणार. न सांगावं तर… तिने फडकं घेतलं आणि टेबल पुसायला लागली.

"न्यायाधीशाच्या भीतीने नाही राहिलो मी वर्षभर," लेव्ही म्हणाला. "एका माणसाचा तरी विश्वास आहे, म्हणून राहिलो."

त्याने खुंटीवरचं जॅकेट ओढलं.

"लेव्ही, कुठे चाललास?"

"जिथे माल घ्यायला मी जातो असं सगळ्यांना वाटतं, तिथे."

दार आपटलं. ट्वायला खिडकीशी धावली. लेव्हीची गाडी धूळ उडवत गावाकडे वळली. कोपऱ्यावर प्रुइटची गाडी अजून उभीच होती. ती घाई न करता सुरू झाली आणि त्याच्या मागे निघाली.