मानपाड्याचा शांत माणूस

कुंडलिकला रडणारी माणसं आवडत नसत. ज्याचं निम्मं आयुष्य रडणाऱ्यांच्या घरी गेलं, त्याने असं म्हणणं म्हणजे हलवायाने साखरेला नाक मुरडण्यातला प्रकार. पण तो तसाच होता. मानपाड्याच्या एका रंगाच्या कारखान्यात तो पाळीवर जायचा आणि सुट्टीच्या दिवशी पांढरा सदरा घालून बौद्धाचार्य व्हायचा. वस्तीतली लग्नं, बारशी, मयती सगळी त्याच्याच हातची. आवाज असा की माइक लागत नसे.

मयतीच्या घरी त्याचं एकच भाषण ठरलेलं. जे उपजतं ते जातं, रडून आजवर कुणी परत आलेलं नाही, तेव्हा डोळे पुसा. पंचवीस वर्षं संसार केलेली बाई बिचारी त्याच्या धाकाने पदराने डोळे पुसायची आणि कुंडलिक घरी जाऊन बायकोला सांगायचा, "काय रडतात गं माणसं. एवढं सांगून पालथ्या घड्यावर पाणी." कुणाच्या मनगटावर काळा दोरा दिसला तर तो तिथल्या तिथे कात्री मागवून कापायचा. भीती हा अडाण्यांचा आजार आहे, हे त्याचं आवडतं वाक्य होतं.

शहाण्णवच्या उन्हाळ्यात कारखान्याच्या गेटावरच त्याच्या छातीत कळ आली. मुंबईच्या इस्पितळात बायपास झाली. ऑपरेशन झकास झालं, असं डॉक्टर म्हणाले. त्यांचं झालंच असेल झकास. ते हात धुऊन पुढच्या पेशंटकडे गेले आणि कुंडलिक तारेने शिवलेली छाती आणि शीर काढल्याने सुजलेला पाय घेऊन चाळीच्या पहिल्या मजल्यावरच्या आपल्या खोलीत आला.

आणि घाबरला.

थोडाथोडका नाही, सपाटून घाबरला. उशीवर कान टेकला की आत धडधड ऐकू यायची, म्हणून तो भिंतीला टेकून बसून झोपायचा. शिंक आली की छाती उसवेल म्हणून उशी छातीशी कवटाळायचा. मोरीत आंघोळीला गेला की बायकोने, मंजुळाने, दाराबाहेर उभं राहायचं आणि मधूनमधून बोलत राहायचं, नाहीतर हा आतून हाका मारायचा. जिना उतरायचं नाव नाही. दिवेलागणीनंतर जेवण मातीसारखं लागायचं. एकदा रेडिओवर बाजारभाव सांगत होते आणि कांद्याचा भाव ऐकता ऐकता ह्याला रडू फुटलं. कांदा स्वस्त झालेला असूनही.

तपासणीला मंजुळा त्याला दोघा शेजाऱ्यांकरवी खाली उतरवून रिक्षात घालून घेऊन गेली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "हृदय उत्तम आहे. मनाचं म्हणाल तर ह्या ऑपरेशननंतर असं पुष्कळांना होतं. ठाण्याला एक बाई डॉक्टर आहेत मनाच्या, त्यांना एकदा दाखवा. गोळ्या घ्या काही महिने, बोला त्यांच्याशी."

"मी वेडा झालोय काय?" कुंडलिक म्हणाला. रिक्षात बसल्यावर मंजुळाला म्हणाला, "ह्या लोकांना छाती फाडून झाली की आता डोकं फाडायचंय."

ह्या सगळ्याहून वाईट म्हणजे भेटायला येणारी माणसं. आजाऱ्याच्या समाचाराला जायचं आणि त्याच आजाराने गेलेल्या माणसांची यादी वाचायची, ही आपल्याकडची जुनी माणुसकी. कुणाचा मेहुणा बायपासनंतर संडासात गेला तो परत आलाच नाही, कुणाचा साहेब टाके काढायच्या दिवशीच गेला. सांगायचं, वर मंजुळाच्या हातचा चहा प्यायचा आणि "जपा हां दादा" म्हणून उठायचं. त्यांची पाठ वळली की कुंडलिकचा संध्याकाळपर्यंत घाम सुकायचा नाही.

मग त्याने युक्ती काढली. जिन्यावर पावलं वाजली की डोळे मिटून घ्यायचे. छातीतल्या तारेमुळे तो ताठ बसायचाच, हात मांडीवर असायचे. उजव्या हाताची बोटं डाव्या मनगटावर, कारण नाडी चालू आहे की नाही हे दर मिनिटाला पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

अशा अवस्थेत त्याला बाबुरावाने पाहिलं, आणि तिथून घोळ झाला. बाबुराव म्हणजे वस्तीतला ध्यानातला अधिकारी माणूस. कारण काय, तर तो इगतपुरीच्या विपश्यना शिबिराला जाऊन आलेला. अर्ध्यातच परत आलेला, पण ते त्याच्या बायकोशिवाय फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. दारात उभं राहून त्याने कुंडलिककडे पाहिलं, मागून येणाऱ्या दोघांना हाताने थोपवलं आणि हळूच म्हणाला, "श्वासावर आहेत. कोणी बोलू नका."

तिघेही दाराशी मांडी घालून बसले आणि तसेच न बोलता उठून गेले. दुसऱ्या दिवशी सात जण आले. आठवड्याभरात वस्तीभर झालं की कुंडलिकदादा मरणाच्या दारातून आले ते बदलूनच आले. शब्द नाही, तक्रार नाही, तासन्‌तास ध्यान. नुसतं समोर बसलं तरी मन निवतं म्हणे. मागे ज्या बायांना त्याने रडू दिलं नव्हतं, त्याही येऊन हात जोडून बसू लागल्या. आणि हा तेजःपुंज पुरुष मिटल्या डोळ्यांआड मोजत होता, एकाहत्तर, बहात्तर, आता चुकला का ठोका, नाही, त्र्याहत्तर.

"काय एकेक नग आहेत," ती मंडळी गेली की तो म्हणायचा. "शेंदूर फासलेल्या दगडाला हात जोडू नका म्हणून मी घसा फोडला, आणि आता माझ्याच पुढे बसतायत."

"मग सांगा ना त्यांना," मंजुळा म्हणायची.

"मी एक शब्द तरी बोललो का?"

"तेच तर. खरं ध्यान करणारी माणसं असतात, त्यांची तरी लाज बाळगा. तुम्ही लपून बसलाय."

कुंडलिक डोळे मिटून घ्यायचा. ही सोय बायकोपुढेही चालते, हे त्याच्या लक्षात आलं होतं. शिवाय खोटं कशाला बोला, त्याला ते आवडू लागलेलं. घाबरट म्हणवून घेण्यापेक्षा पोचलेला म्हणवून घेणं कुणाला नको असतं?

एके सकाळी सीताराम आला. ठाकुर्लीला रेल्वेत फिटर, पंचेचाळिशीचा, सरळ माणूस. त्याच्या नसांत तीन ठिकाणी अडथळा निघालेला आणि बायपासची तारीख मिळालेली. येताना जिन्यात दोनदा थांबून आला. बाबुराव आणि इतर मंडळी बसलेलीच होती.

"दादा," सीताराम म्हणाला, "मला लय भीती वाटते. झोप नाही. तुम्ही कशी घालवली भीती? एवढंच विचारायला आलोय."

कुंडलिकने डोळे उघडले. सगळे त्याच्याकडे बघत होते. खरं बोलायची ती वेळ होती आणि ती सरळसरळ दिसत होती. पण समोर बाबुराव होता, शेजारपाजारच्या बाया होत्या, आणि वीस वर्षं कमावलेलं नाव होतं.

"भीतीकडे नुसतं बघत राहायचं," तो म्हणाला. "ती आपोआप जाते."

हे वाक्य त्याचं नव्हतं, बाबुरावानेच परवा जिन्यात कुणाला तरी सांगितलेलं त्याने आतून ऐकलं होतं. पण सीतारामचा चेहरा उजळला. बाबुरावाने तर मान अशी डोलावली, जणू हे वाक्य पहिल्यांदाच ऐकतोय. त्या दिवशी अर्धा तास कुंडलिकची नाडी बघायची राहून गेली, इतका तो स्वतःवर खूश होता.

पंधरवड्याने मंजुळा पिठाच्या गिरणीतून आली ती डबा आपटतच.

"मीराबाई भेटली," ती म्हणाली. मीराबाई म्हणजे सीतारामची बायको. "सीतारामने ऑपरेशनची तारीख परत केली. घरीच बसतो डोळे मिटून. बाबुराव रोज जातो बसवायला. छातीत कळ आली की त्या कळेकडे बघत राहतो म्हणे. दादांनी सांगितलंय, बघितलं की जाते."

"मी भीतीचं बोललो होतो," कुंडलिक म्हणाला. "कळेचं नाही. गाढव आहे तो."

"गाढव आहे. पण तुमच्या सांगण्यावरून मरणारं गाढव आहे."

"बाबुरावला सांग समजवायला."

"त्याचा तर सणच चाललाय. मी मीराबाईला सगळं खरं सांगून आले, तुमच्या मोरीसकट. ती म्हणाली, दादांच्या तोंडून ऐकल्याशिवाय हा मानायचा नाही."

"मग त्याला इकडे बोलाव."

"त्याला आता जिना चढवत नाही," मंजुळा म्हणाली आणि पीठ चाळायला बसली.

पहिल्यांदा कुंडलिकला राग आला, मंजुळाचा, सीतारामचा, ऑपरेशन करणाऱ्यांचा, जगातल्या सगळ्या भोळसटांचा. राग ओसरला आणि खाली नुसती लाज उरली. लोकांचे दोरे कापत फिरलो आणि त्या भल्या माणसाच्या गळ्यात आपल्या थापेचा दोरा बांधून बसलो, हे त्याला कळलं. तसा तो मूर्ख नव्हताच. तेच तर वाईट होतं.

"चप्पल दे," तो म्हणाला.

जिना उतरताना कठडा त्याने असा धरला होता की बोटं पांढरी पडली. मंजुळा एक पायरी पुढे चालत होती. सीतारामची खोली मागच्याच गल्लीत, पण वाटेत कुंडलिक रंगाच्या कारखान्याच्या भिंतीला टेकून दोनदा थांबला आणि दोन्ही वेळा आपण आता मरतोय अशी त्याची खात्री झाली.

सीतारामच्या घरात चटईवर आठ-दहा माणसं डोळे मिटून बसली होती. मध्ये सीताराम, ओठ काळपट पडलेले. कुंडलिकला दारात बघून सगळे उठले. बाबुरावाने हात जोडले.

"बसा," कुंडलिक म्हणाला. "सीताराम, मी तुला खोटं सांगितलं. माझी भीती गेलेली नाही. मी ध्यानबिन काही करत नव्हतो. नाडी मोजत होतो. मरेन म्हणून मी झोपत नाही, आंघोळीला एकटा जात नाही. आज इथे आलोय ते पण बायको पुढे होती म्हणून."

बाबुराव हळूच शेजारच्याला म्हणाला, "बघितलं? केवढी नम्रता."

कुंडलिक भडकला. "बाबुराव, तू शिबिरातून का पळून आलास ते तुझ्या बायकोने मंजुळाला सांगितलंय. संध्याकाळचं जेवण देत नाहीत म्हणून. तेव्हा गप बस."

बाबुरावाने जोडलेले हात खाली घेतले. एक म्हातारी उठली आणि जाता जाता मोठ्याने म्हणाली, "माझा पोरगा गेला तेव्हा मला रडायला बंदी केलीन याने." कुंडलिकचे डोळे भरून आले, नाक वाहू लागलं आणि तो तिथे सगळ्यांदेखत, उंबऱ्यावर बसून, हुंदके देत रडला. रडताना छातीतल्या तारा ओढत होत्या आणि तो सगळ्यांसमोर त्यालाही घाबरत होता. एकेक जण चपला घालून निघून गेला. कुणी हात जोडले नाहीत.

खोलीत सीताराम, मीराबाई आणि मंजुळा एवढीच उरली. सीताराम त्याच्याकडे बघत होता, फसवला गेलेला माणूस बघतो तसा.

"म्हणजे ऑपरेशन करून पण हे असंच?" तो म्हणाला.

"असंच. डॉक्टर म्हणतात, जातं हळूहळू. ठाण्याला मनाच्या डॉक्टर बाई आहेत. मी अजून गेलो नाही. आता जाईन."

"दादा, मग कशाला करू मी?" सीतारामचा आवाज चढला. "छाती फाडून घ्यायची, आणि वर जन्मभर असं लहान पोरासारखं रडत बसायचं?"

कुंडलिकने बाहीने नाक पुसलं. त्या क्षणी त्याला सीतारामचा मनापासून संताप आला.

"अरे गाढवा," तो म्हणाला, "रडायला तरी जिवंत राहशील ना."

सीतारामने मान खाली घातली. कुंडलिकचे हुंदके थांबत नव्हते आणि तो ते थांबवत नव्हता. शेवटी सीताराम मीराबाईला म्हणाला, "इस्पितळाची पिशवी भर."