मी फक्त 'हालचाल' म्हणालो

मित्रांनो, या घराच्या बोळात, छताजवळच्या कोपऱ्यात काड्यापेटीएवढा पांढरा डबा दिसतो ना, तो मी. हालचाल टिपणारा एक जुना सेन्सर. मला डोळे नाहीत. समोरून ऊबदार काही सरकलं की मला जाणवतं आणि मी एकच शब्द पाठवतो: हालचाल. कानावर बरंच पडतं, पण ते पुढे पाठवायची सोय माझ्यात नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथे एक बाई आमच्यासमोर हात फिरवायची आणि दिवा लागला की म्हणायची, "शहाणा आहे." ती माझी पहिली शाबासकी. शहाणा म्हणजे काय, ते मात्र मला अजून नीट उमगलेलं नाही.

या घरात काकू एकट्या राहतात. जन्मभर त्यांनी लोकांचे कपडे शिवले. एकदा त्या घसरून पडल्या आणि संध्याकाळपर्यंत कुणाला पत्ताच नव्हता. त्यांची लेक दुसऱ्या शहरात असते. ती धावत आली आणि स्टुलावर चढून तिने मला इथे चिकटवलं.

"आई, हा कॅमेरा नाही गं. तुझं काही दिसणार नाही. नुसतं कळेल, तू हिंडतेफिरतेयस."

"मग असू दे बापडा," काकू म्हणाल्या.

मी इमानाने कामाला लागलो. काकू बोळातून गेल्या की लेकीच्या फोनवर माझा निरोप पोचायचा. काही दिवसांनी लेकीचे फोन येऊ लागले. काकू फोन स्पीकरवर ठेवतात, त्यामुळे मलाही ऐकू यायचं.

"आई, सकाळपासून बाथरूमकडे चकरा चालल्यात तुझ्या. पोट बिघडलंय का?"

मागून जावयांचा आवाज आला, "डॉक्टरांना दाखवा म्हणावं."

काकूंनी फोन ठेवून दिला. मग रोजच असं सुरू झालं. काल दुपारी कोण आलं होतं? आज आडवी का झाली नाहीस? इतक्या उशिरा का उठलीस?

मी गोंधळून गेलो. मी पोटाचं नाव काढलं नव्हतं, पाहुण्यांचंही नाही. माझ्या एका शब्दातून हे सगळं निघालं कसं?

काकूही बदलल्या. भिंतीला चिकटून चालू लागल्या. तेवढ्याने मी फसत नाही, पण हे त्यांना कोण सांगणार?

शेजारी चष्म्याच्या दुकानाचे मालक राहतात. त्यांच्या लठ्ठ बोक्याला सगळे बोकोबा म्हणतात. एक दिवस काकू त्यांना म्हणाल्या, "तुमचा बोका दुपारपुरता देता का? घरात उंदीर झालेत."

घरात एकही उंदीर नव्हता. असता तर मला कळलंच असतं.

काकूंनी बोकोबाला आत सोडलं, चपला घातल्या आणि लॅचचं दार ओढून घेऊन त्या गेल्या. बोकोबा बोळात येरझारा घालत राहिला. मी म्हणालो, हालचाल.

"आज छान हिंडलीस, आई," संध्याकाळी लेक म्हणाली.

"हो, पाय मोकळे झाले."

मी खरं बोललो की खोटं? मला काही कळेना. बोकोबा मात्र वरचेवर येऊ लागला.

मग एका दुपारी लेक न कळवता आली. बेल वाजली. बोकोबा बिथरून बोळात सैरावैरा पळू लागला आणि मी निरोपावर निरोप पाठवत सुटलो.

"आई, दार उघड. आत हालचाल दिसतेय मला," बाहेरून तिचा आवाज आला. थोड्या वेळाने तो रडवेला झाला. "फोनही उचलत नाहीये. परत पडलीये ती. सरपटतेय. कुणीतरी किल्लीवाल्याला बोलवा."

लॅच तुटलं. लेक खोल्या धुंडाळत धावली. तिला सापडला तो फ्रिजवर चढून बसलेला बोकोबा. ती बोळातच मटकन खाली बसली.

तेवढ्यात काकू परतल्या.

"कुठे होतीस?"

"बाहेर."

"बाहेर म्हणजे कुठे?"

"ते नाही सांगणार."

"आई, माझा जीव जायची वेळ आली होती."

काकू तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या. "काळजी कर गं, मला हवीच आहे ती. पण हल्ली तू मला काही विचारत नाहीस. सगळं आधी बघतेस आणि मग फोन करतेस. बोळातून जायला नको म्हणून मी पाणी कमी प्यायला लागलेय, ठाऊक आहे?"

लेकीने डोळे पुसून स्टूल ओढलं.

"काढू नकोस त्याला," काकू म्हणाल्या. "पडले तर कळायला हवंच कुणाला तरी."

दोघींनी बसून ठरवलं. माझे निरोप आता काकूंच्याच फोनवर जातात. दुपारपर्यंत मी गप्पच राहिलो, तरच लेकीला कळतं. बाहेर जाताना काकू मला फोनवरून बंद करून जातात. ते बटण कसं दाबायचं, हे त्या झटक्यात शिकल्या.

मित्रांनो, माझ्यासारखे पुष्कळजण आता घराघरांत बसले आहेत. आम्हाला लावा, पण ज्याच्या घरात लावाल त्याला विचारून लावा. आणि आम्ही काहीही सांगितलं तरी माणसाची खुशाली माणसालाच विचारा. माझ्या एका शब्दात ती मावत नाही.

हल्ली लेक फोनवर आधी विचारते, "आई, कशी आहेस?" मग काकू भरभरून बोलतात. परवा मध्येच थांबून त्या म्हणाल्या, "ऐक, त्या दिवशी मी कुठे गेले होते ते सांगते तुला."

आणि फोन हातात घेऊन त्या माझ्यासमोरून खोलीत गेल्या. दार लावून घेतलं. पुढचं मला ऐकू आलं नाही.

मी फक्त म्हणालो, हालचाल.