चौथं कडवं

तीन कडवी आणि मग वाकून नमस्कार. ट्राममध्ये बसल्यापासून इर्मा कोलबेनं एवाल्डला हे चारदा बजावलं होतं. चौथ्यांदा तो म्हणाला, "बाई, मी म्हातारा झालोय, ठार बहिरा नाही."

"पंधरा दिवस तालमीत दर वेळी मला हात वर करून तुला थांबवावं लागलं. आज समितीसमोर हात वर करता येणार नाही."

"हात थांबत नाहीत, मी काय करू? त्यांना जुनी खोड आहे." एवाल्ड टिमेनं आपली सांधे सुजलेली बोटं कोटाच्या बाह्यांत ओढून घेतली. बाहेर एकोणीसशे एकोणसाठचा फेब्रुवारी होता आणि लाइपझिग कोळशाच्या धुरात बुडालं होतं.

त्या काळी गाणाऱ्यांना परवाना लागायचा. पिवळ्या पुठ्ठ्याचा, हातात मावेल एवढा. तो नसेल तर थिएटर सोडाच, कुणाच्या लग्नात बियरच्या पिंपाशेजारी उभं राहून गायलात तरी गुन्हा. तो मिळवायला समितीपुढं गाऊन दाखवायचं, गाण्याच्या शब्दांच्या तीन प्रती आधी द्यायच्या, आणि कागदावर जे असेल तेच म्हणायचं. इर्मा दोनदा नापास झाली होती. पहिल्यांदा शेरा आला, आवाज थकलेला. दुसऱ्यांदा, आशय कालबाह्य. तीनदा नापास झालं की कायमचं दार बंद, असा नियम होता. आजची खेप तिसरी होती आणि इर्मा एकसष्ट वर्षांची होती.

एक मार्चला जुन्या नाचघरात छोटा रंगमंच उघडणार होता. तिथल्या माणसानं तिला घ्यायचं कबूल केलं होतं, अट एकच, पुठ्ठा आण. या एका गोष्टीवर तिनं अख्खा हिवाळा काढला होता. दिवसा कपडे धुण्याच्या कारखान्यात चादरी घडी घालायच्या आणि रात्री उशीत तोंड खुपसून सूर लावायचे, कारण भिंतीपलीकडच्या बाईला झोप लवकर यायची. परवाना मिळाला नाही तर पुढं काय, हा विचार तिनं एकदाही पुरा केला नव्हता. तिथवर आलं की ती पुन्हा पहिलं कडवं सुरू करायची.

तशी ती कुणी मोठी तारका नव्हती. केमनित्सच्या मोजे विणायच्या गिरणीतून ती बाविसाव्या वर्षी पळाली आणि लाइपझिगच्या 'निळी किटली' नावाच्या तळघरात गाऊ लागली. मध्येच बर्लिनला जाऊन तीन बोलपटही करून आली. एकात मोलकरीण, एकात मेव्हणी, एकात प्रेत. प्रेताच्या कामाची सर्वांत जास्त वाहवा झाली असं एवाल्ड सांगायचा. पण ती नटी म्हणून नव्हे, एका गाण्यानं ओळखली गेली. ते गाणं नाटकगृहाच्या दारात लोकांचे कोट घेऊन बिल्ले देणाऱ्या बाईचं होतं. ही बाई कोटावरून माणूस ओळखते. पहिल्या कडव्यात जाड्या व्यापाऱ्याचा कोट, दुसऱ्यात चोरून आलेल्या प्रियकराचा, तिसऱ्यात विधवेचा. आणि प्रत्येक कडव्यापाठी सगळं तळघर टेबलं बडवत म्हणायचं:

कोट द्या, बिल्ला घ्या,
आत जाऊन हसून घ्या.

चौथं कडवं मात्र रोज नवं. तो त्या धंद्याचा रिवाजच होता. सकाळच्या वर्तमानपत्रात जो सापडेल त्याला चौथ्या कडव्यात कोट घालून उभा करायचा. ते तळघरातली गाणी रचणारा फेलिक्स लिहायचा. इर्मा तिसरं कडवं म्हणत असताना तो पडद्याआडून धोब्याच्या पावतीमागं खरडलेल्या चार ओळी तिला दाखवायचा, आणि ती वाचून होईपर्यंत एवाल्ड पियानोवर चार मात्रा घोळवत बसायचा. लोक त्या चार मात्रांसाठीच यायचे. फेलिक्स मार्गुलिसचा आवाज वंगण न घातलेल्या दारासारखा होता आणि तो कधीही रंगमंचावर यायचा नाही. इर्माचं त्याच्यावर जीवापाड प्रेम होतं. लग्न मात्र राहून गेलं होतं.

पस्तीस साली एका संध्याकाळी पहिल्या टेबलावर चामडी कोट घातलेले गुप्त पोलिसांचे दोघं येऊन बसले. तळघर भट्टीसारखं तापलेलं, तरी त्यांनी कोट काढले नाहीत. एकाच्या गुडघ्यावर वही होती. फेलिक्सनं पावती दाखवली. इर्मानं ती वाचली. एवाल्डनं चार मात्रा वाजवल्या, परत वाजवल्या, तिसऱ्यांदा वाजवल्या. इर्मा वाकली, नमस्कार केला आणि आत निघून गेली.

मग फेलिक्स बाहेर आला. आयुष्यात पहिल्यांदा. त्या करकरत्या आवाजात त्यानं चारही ओळी म्हटल्या, आणि कुणी टेबल बडवलं नाही. त्याला तिथूनच नेलं. तो परत आला नाही.

तिनं पुढं, परवान्याचा नियम येईपर्यंत, बारा वर्षं गाणी म्हटली, तीन-तीन कडव्यांची. सैनिकांसमोर म्हटली, इस्पितळांत म्हटली. जगायचं होतं म्हणून म्हटली, असं ती स्वतःला सांगायची आणि ते खरंही होतं. एवाल्ड त्या संध्याकाळनंतर तिच्यासाठी वाजवायला बसला नाही; युद्धात तो आघाडीवर होता, नंतर कैदेत. दोघं पुन्हा भेटले ते गेल्या वर्षी, त्यामुळं त्याच्या हातांना तीन कडव्यांचं गाणं ठाऊकच नव्हतं.

समिती बसली होती ती शाळेच्या सभागृहात. दार उघडताच इर्मा थबकली. कोळसा आला नव्हता, शेगडी थंडगार, आणि लांब टेबलामागं पाचही जण कोट घालून बसले होते.

"या, फ्राऊ कोलबे. गारठ्याबद्दल माफ करा," अध्यक्षबाई म्हणाल्या. या फ्राऊ हेन्झे. फेलिक्सला नेणाऱ्या त्या तपकिरी सदरेवाल्यांच्या राज्यात सहा वर्षं तुरुंगात काढलेली बाई, हे सगळ्या शहराला माहीत होतं. बाई कडक, पण खोटी नव्हे. शेजारी संगीतशाळेतून नुकताच आलेला डिट्रिख नावाचा तरुण गाण्याच्या प्रतीवर पेन्सिल धरून बसला होता. शब्द न् शब्द जुळतो का ते त्यानं पाहायचं होतं.

"तिसऱ्या कडव्यात विधवेच्या जागी ट्राम चालवणारी बाई केलीत," डिट्रिख म्हणाला. "चांगला बदल आहे."

"नवऱ्याच्या दुःखातून सावरून कामाला लागली ती," एवाल्ड पियानोच्या स्टुलावरून म्हणाला. इर्मानं त्याच्याकडं असं पाहिलं की तो मुकाट्यानं बसला.

ती गायली. आवाज थकलेला होताच, पण या गाण्याला थकलेला आवाज शोभतो. व्यापाऱ्याच्या कडव्याला टेबलाच्या टोकाला बसलेला गृहस्थ हसला. दुसऱ्याला डिट्रिख लाजला. तिसरं संपत आलं तेव्हा फ्राऊ हेन्झेंनी शेजाऱ्याकडं बघून मान हलवली आणि शिक्का जवळ ओढला. इर्मानं ते पाहिलं. मिळाला, तिच्या मनात आलं. मिळाला पुठ्ठा. तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

आणि एवाल्डनं चार मात्रा वाजवल्या.

त्यानं मुद्दाम केलं नाही. त्याचा चेहराच सांगत होता, स्वतःच्या हातांकडं तो असा पाहत होता की जणू ते दुसऱ्याचे आहेत. पण एकदा सुरू झालेल्या मात्रा मध्येच तोडायला त्याचं मन धजेना, आणि त्या घोळत राहिल्या. डिट्रिखनं कागद उलटून पाहिला. मागं काही नव्हतं.

वाकायचं होतं, एवढंच. वाकली असती तर गंमत म्हणून खपून गेलं असतं. इर्माला हे अगदी लख्ख कळत होतं. तिच्यासमोर कोट घातलेली माणसं होती, एकाच्या हातात पेन्सिल होती, अगदी पस्तीस सालच्या त्या संध्याकाळसारखं. तिनं नकळत डावीकडं पाहिलं. तिथं पडदा नव्हता, शाळेचा फळा होता. आता आपण वाकलो तर बाहेर येऊन म्हणणारं कुणी नाही, हे तिला त्या क्षणी उमगलं. चोवीस वर्षं तिनं त्या ओळी कुणापुढं उच्चारल्या नव्हत्या आणि एक दिवसही विसरल्या नव्हत्या.

एक पाहुणा आला बाई, कोट काही काढेना,
कोण हसलं लिहून घेतो, स्वतः मात्र हसेना.
कोट द्या ना, आत साहेब, शेगडी आहे पेटती;
हळूच म्हणतो, काढू कसा? आत कुणी नाही, ही भीती.

कोट द्या, बिल्ला घ्या, हे ती पुटपुटली. पुढची ओळ आलीच नाही. एवाल्डनं हात मांडीवर ठेवले.

"हे कागदावर नाही," डिट्रिख म्हणाला.

"दिसतंय मला," फ्राऊ हेन्झे म्हणाल्या. "कुणावर आहे हे, फ्राऊ कोलबे?"

"पस्तीस सालचं आहे. पहिल्या टेबलावर दोघं बसले होते, त्यांच्यावर."

टेबलामागं थोडी हालचाल झाली. पस्तीस सालच्या त्या दोघांवर असेल तर रागवायची सोय नव्हती, उलट टाळ्या वाजवायला हव्या होत्या. पण टाळ्या वाजवायला हात कोटाच्या खिशांतून काढावे लागले असते. कुणी काढले नाहीत.

"त्या दिवशी म्हटलं होतंत हे?" फ्राऊ हेन्झेंनी विचारलं.

"नाही."

"का?"

"भ्याले. लिहिणाऱ्यानं म्हटलं."

"तो कुठं असतो?"

"तुम्ही आत होतात, बाई. तुम्हाला ठाऊक आहे असे लोक कुठं असतात."

फ्राऊ हेन्झेंचा हात गळ्याजवळच्या गुंडीकडं गेला. ती गुंडी त्या काढणार असं इर्माला वाटलं. शेजारचे चौघं त्यांच्याकडं बघत होते. हात थोडा वेळ तिथंच राहिला, मग खाली आला आणि दुसरा, नापासाचा शिक्का उचलून कागदावर पडला.

"सादर न केलेला मजकूर. नियमानं मला दुसरं काही करता येत नाही."

"बाई," इर्मा म्हणाली, आणि तिला स्वतःचीच लाज वाटली, कारण ती हात जोडत होती. "तीन कडव्यांचा द्या. मी लिहून देते, चौथं पुन्हा नाही म्हणणार. एक मार्चला मला उभं राहायचंय. मला दुसरं काही येत नाही हो."

फ्राऊ हेन्झेंनी कागद बाजूच्या गठ्ठ्यावर ठेवला. बिचाऱ्या डिट्रिखला ते बघवेना. "नाटकगृहात कोट सांभाळायला बाई हवी आहे," तो म्हणाला. वाईट हेतूनं नव्हे, पोरगा खरंच मदत करत होता.

ट्रामच्या थांब्यावर दोघं उभे होते. इर्मा रडली नाही. तिला आतून कुणीतरी खरवडून काढल्यासारखं झालं होतं.

"हात तोडून टाकावेसे वाटतायत," एवाल्ड म्हणाला.

"राहू दे. मला वाकता येत होतं." ती रुळांकडं बघत राहिली. "तेव्हा फेलिक्ससाठी म्हटलं असतं तर गोष्ट वेगळी. आज कुणाला वाचवलं मी? ना त्याला, ना मला. आता काय करू मी, एवाल्ड? सांग ना."

ट्राम आली, गेली.

"कसं झालं, ते तरी सांग," ती म्हणाली.

एवाल्डनं नाक पुसलं. "प्रवेश चुकलीस. चोवीस वर्षं उशिरा आलीस." मग तो म्हणाला, "पण सुरात होतीस."

मार्चमध्ये इर्मा कोलबे नाटकगृहाच्या दारात कोट घेऊ लागली. तिला ओळखणारे थोडे होते आणि जे होते त्यांना वाटायचं बाई गंमत करतेय. एक-दोघांनी 'कोट द्या, बिल्ला घ्या' म्हणून पाहिलं. ती हसली नाही तेव्हा त्यांनी नाद सोडला. काम सोपं होतं. फक्त पडदा वर गेल्यावर पुढचे दोन तास त्या ओळखीच्या वासाच्या कोटांमध्ये एकटीनं बसणं तिला जड जायचं. आतून हशा ऐकू यायचा. ती कानांवर हात ठेवायची.

एका संध्याकाळी खिडकीशी फ्राऊ हेन्झे उभ्या राहिल्या. एकट्याच. इर्मानं मान वर न करता हात पुढं केला.

"कोट."

त्यांनी गुंड्या काढल्या, वरपासून खालपर्यंत, सावकाश. कोट जड होता, आतून अजून उबदार होता. कोटाशिवाय बाई फारच लहानखुऱ्या दिसत होत्या. इर्मानं बिल्ला दिला, एकशे सत्तेचाळीस. फ्राऊ हेन्झेंनी तो घेतला, पण त्या जागच्या हलल्या नाहीत. मागं रांग होती.

"ते कडवं इथं कुठं म्हणू नका, फ्राऊ कोलबे," त्या अगदी हळू म्हणाल्या. "कुणापुढंही नको. दिवस बरे नाहीत."

"नाही म्हणत."

"लिहून ठेवलं असेल तर जाळून टाका." त्यांनी बिल्ला मुठीत मिटला. "मला पाठ झालंय."